ओळी पोहोचल्या, पण पुढचा नंबर? : दोन संगणकांतले क्रमांक जुळवण्याचा पाठ



आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. नाव ऐकून घाबरू नका. ‘लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये सिक्वेन्स जुळवून ठेवणे’ असं त्याचं जडजंबाल नाव आहे, पण त्यातली अडचण आपल्या रोजच्या ओळखीची आहे. ज्यांनी कधी शाळेचं जनरल रजिस्टर लिहिलं आहे, त्यांना ती पाच मिनिटांत कळेल. मला मात्र ती चूक करून कळली. ती चूक आधी सांगते, मग पाठाकडे वळू.

घडलं काय?

मी मोहोळ तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. काही वर्षांपूर्वी ज्या शाळेत होते, तिथे चौथीपर्यंत वर्ग. तंत्रस्नेही शिक्षक म्हणून माझ्याकडे संगणकाचं काम आपोआप आलं. माझ्या मामेभावाने पोस्टग्रेस हा मोफत डेटाबेस वापरून मुलांच्या नोंदींचा एक छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. नवीन मूल आलं की नाव, जन्मतारीख, पालकांचं नाव भरायचं आणि जनरल रजिस्टर नंबर संगणकच द्यायचा. प्रोग्रॅम सुरू केला तेव्हा कागदी रजिस्टर १८०० पर्यंत आलं होतं, म्हणून संगणकाला सांगितलं, ‘तू १८०१ पासून सुरू कर.’

चौथी पास होऊन मूल गेलं की त्याची नोंद ‘चालू विद्यार्थी’ या तक्त्यातून काढून ‘माजी विद्यार्थी’ या तक्त्यात जायची. चारपाच वर्षं सगळं छान चाललं.

मग जुना संगणक कुरकुरायला लागला. शाळेला नवीन संगणक मिळाला. त्यावर पोस्टग्रेसची नवीन आवृत्ती होती. एकदम बदल नको म्हणून भावाने दोन्ही संगणक जोडून दिले. जुन्यावर नोंद केली की ती लगेच नव्यावर उमटायची. मी रोज दोन्हीकडची नावं ताडून बघायची. एकही नाव कमी नाही, एकही तारीख चुकलेली नाही. मला वाटलं, आता काळजी मिटली.

दिवाळीनंतर जुना संगणक बंदच पडला. आम्ही नव्यावर काम सुरू केलं. नेमका तो ऊसतोडीचा हंगाम. आपल्या भागात कारखाने सुरू झाले की टोळ्या येतात आणि त्यांच्यासोबत लहान मुलंही. त्या वर्षी पाच मुलांना आम्ही शाळेत प्रवेश दिला. संगणकाने नंबर दिले, १८०१ ते १८०५. कुठेही लाल अक्षरं आली नाहीत, कसली तक्रार नाही. नंबर चार आकडी, ओळखीचे वाटणारे. कागदी रजिस्टरवर ‘नंतर एकत्र लिहू’ म्हणून नोंद राहून गेली. ही चूक माझीच. हंगाम संपला, मुलं बोनाफाईड घेऊन आपापल्या गावी गेली.

जूनमध्ये, पहिलीचे प्रवेश सुरू व्हायच्या आधी, एक आई मुलाचा निर्गम उतारा मागायला आली. मुलगा आता माध्यमिक शाळेत, जातीच्या दाखल्यासाठी उतारा हवा होता. त्याचा रजिस्टर नंबर १८०३. मी शोधलं तर पडद्यावर दोन नावं आली. एक तिच्या मुलाचं आणि एक ऊसतोड कामगाराच्या मुलीचं.

ती आई पडद्याकडे बघत म्हणाली, “मॅडम, ही पोरगी कोण? माझ्या पोराच्या नंबरावर हिचं नाव कसं काय आलं?”

माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. आज आहे, म्हणून हा पाठ.

एका नंबराचं एवढं काय?

पालकांसाठी दोन शब्द. जनरल रजिस्टरमधली नोंद म्हणजे मुलाच्या जन्मतारखेचा, नावाचा, जातीच्या नोंदीचा आयुष्यभराचा पुरावा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच नंबर असतो. पन्नास वर्षांनी नातू आजोबांचा उतारा मागायला येतो, तेव्हा तो नंबर सांगूनच पान उघडलं जातं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या वेळी कुणबी नोंदींसाठी शाळांची जुनी रजिस्टरं, अगदी मोडीतलीसुद्धा, बाहेर काढली गेली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. एका नंबरावर दोन मुलं असतील, तर उद्या कुणाची तरी नोंद संशयात येते. आणि ज्यांच्याकडे आधीच कागद कमी, त्यांनाच त्याचा फटका जास्त बसतो.

आधी तीन शब्द समजून घेऊ

१. तक्ता आणि ओळ. डेटाबेस म्हणजे नीट आखलेल्या तक्त्यांचा संच. प्रत्येक मुलाची एक ओळ. आपल्या रजिस्टरसारखंच.

२. सिक्वेन्स. नंबर देणारं यंत्र. बँकेत टोकनचं मशीन असतं, बटण दाबलं की पुढचं टोकन बाहेर येतं, तसंच हे. ते तक्त्याच्या शेजारी असतं, तक्त्याच्या आत नसतं. पोस्टग्रेसमध्ये ‘पुढचा नंबर दे’ या आज्ञेला नेक्स्टव्हॅल म्हणतात आणि ‘इथून पुढे मोज’ या आज्ञेला सेटव्हॅल. यंत्र फक्त एवढंच लक्षात ठेवतं की शेवटी कोणता नंबर दिला. तक्त्यात कोण आहे, कोण गेलं, ते बघायला जात नाही.

३. लॉजिकल रेप्लिकेशन. एका डेटाबेसमध्ये झालेले बदल दुसऱ्या डेटाबेसकडे पाठवत राहणं. पोस्टग्रेसमध्ये ही सोय १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०१७ पासून मुळातच मिळते. पाठवणारी बाजू ‘पब्लिकेशन’ करते आणि घेणारी बाजू ‘सबस्क्रिप्शन’. मासिकाची वर्गणी भरल्यासारखंच. दोन्हीकडे वेगवेगळ्या आवृत्त्या चालतात, म्हणून जुन्यावरून नव्या आवृत्तीवर जाताना ही पद्धत फार उपयोगी पडते. आम्ही तिचा वापर याचसाठी केला होता.

मग चूक झाली कुठे?

इथे जरा लक्ष देऊन वाचा, पाठाचा गाभा हाच आहे.

लॉजिकल रेप्लिकेशन ओळींचे बदल पाठवतं. ही ओळ नवीन आली, ही बदलली, ही काढली. जुन्या संगणकावर मूल दाखल झालं की तिथल्या यंत्राने नंबर दिला, समजा १९८७. तो नंबर ओळीत लिहिला गेला आणि पूर्ण ओळ, नंबरासकट, नव्या संगणकाकडे गेली. नव्या संगणकाने ती तशीच लिहून घेतली. नंबर तयारच होता, त्यामुळे स्वतःच्या यंत्राचं बटण दाबायची त्याला गरजच पडली नाही.

असं अनेक वेळा झालं. नव्या संगणकाच्या तक्त्यात १९८७ पर्यंतचे नंबर दिसत होते आणि त्याचं स्वतःचं यंत्र मात्र पहिल्या दिवसापासून १८०१ वरच थांबलेलं. पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेत ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. ओळीतला नंबर पोहोचतो, यंत्राची स्थिती पोहोचत नाही. नुसतं वाचण्यासाठी प्रत वापरायची असेल तर काही बिघडत नाही. प्रतीवर लिहायला सुरुवात केली की अडचण उभी राहते.

मी रोज ओळी ताडत होते. यंत्राकडे एकदाही बघितलं नाही.

ओरडणारी चूक आणि गप्प बसणारी चूक

अशा वेळी बहुतेकांना लगेच चूक दिसते. नंबर दुबार होऊ नये अशी अट तक्त्यावर असते. जुना नंबर तक्त्यात अजून असेल तर डेटाबेस नोंद नाकारतो आणि ‘हा नंबर आधीच आहे’ असं सांगतो. ही ओरडणारी चूक. त्रास होतो, पण नुकसान होत नाही. यात एक गंमतही आहे. नोंद नाकारली गेली तरी यंत्र मागे जात नाही, एक पुढेच सरकतं. म्हणून काही जण चिडून पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि कधीतरी नोंद ‘होते’. मग वाटतं, दुरुस्त झालं. तसं झालेलं नसतं. मध्ये कुठेतरी एक रिकामी जागा सापडलेली असते, इतकंच.

आमच्याकडे झाली ती गप्प बसणारी चूक. १८०१ ते १८०५ ही मुलं चौथी पास होऊन माजी तक्त्यात गेली होती. चालू तक्त्यात ते नंबर मोकळे दिसत होते. दुबार नंबराची अट प्रत्येक तक्त्यापुरती असते, दोन तक्त्यांत मिळून नसते. म्हणून संगणकाने निमूटपणे जुने नंबर नव्या मुलांना दिले. जिथे जुन्या ओळी काढल्या किंवा हलवल्या जातात, तिथे हा धोका सगळ्यात जास्त.

वर्गात घ्यायची कृती (तिसरी-चौथी, ३० मिनिटं)

साहित्य: दोन वह्या, १ ते २० नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे दोन सारखे गठ्ठे, पेन्सिल, खोडरबर.

१. दोन टेबलं मांडा. प्रत्येकावर एक वही, एक गठ्ठा.
२. पहिल्या टेबलावर एक मूल बसवा. बाकीच्यांनी एकेक करून यायचं. वरची चिठ्ठी काढायची, नंबर आणि नाव वहीत लिहायचं.
३. एक ‘पोस्टमन’ नेमा. पहिल्या वहीत ओळ लिहिली गेली की त्याने ती जशीच्या तशी दुसऱ्या वहीत उतरवायची. दुसऱ्या टेबलावरच्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही.
४. आठ मुलं झाली की दोन्ही वह्या वाचून दाखवा. अगदी सारख्या! मुलं टाळ्या वाजवतात.
५. आता सांगा, “पहिलं टेबल बंद.” नववं मूल दुसऱ्या टेबलाकडे जातं, वरची चिठ्ठी काढतं. नंबर येतो १. सगळा वर्ग ओरडतो, “बाई, एक तर आधीच आहे!”
६. आता दुसऱ्या वहीतल्या पहिल्या तीन ओळी खोडा. म्हणा, “ही मुलं पास होऊन गेली.” पुन्हा चिठ्ठी काढायला सांगा. यावेळी कुणीच ओरडत नाही.

सहाव्या पायरीनंतर थोडा वेळ शांत बसा. एखादं मूल हळूच विचारतं, “पण बाई, पहिला नंबर आपल्या दादाचा होता ना?” ते मूल पाठ शिकलं.

शेवटी विचारा, पहिलं टेबल बंद करताना काय करायला हवं होतं? उत्तर मुलंच देतात: दुसऱ्या गठ्ठ्यातल्या वरच्या आठ चिठ्ठ्या काढून टाकायला हव्या होत्या.

संगणकावर नेमकं काय करायचं?

मुलांचं उत्तर हेच खरं उत्तर आहे. संगणकाच्या भाषेत त्याच्या पायऱ्या अशा:

१. जुन्या डेटाबेसवर नवीन नोंदी पूर्ण थांबवा.
२. शेवटची ओळ नव्या बाजूला पोहोचली याची खात्री करा.
३. जुन्या बाजूच्या प्रत्येक सिक्वेन्सने शेवटी दिलेला नंबर लिहून घ्या. तक्ते अनेक असतील तर यंत्रंही अनेक असतात, एकही सोडू नका.
४. नव्या बाजूला सेटव्हॅलने तो नंबर बसवा. १९८७ बसवला की पुढचा १९८८ मिळतो.
५. मगच नव्या बाजूवर काम सुरू करा.

पुष्कळ जण तिसऱ्या पायरीत तक्त्यातला सगळ्यात मोठा नंबर घेतात. जुना संगणक अचानक बंद पडला तर तोच मार्ग उरतो, आमचीही गत तीच होती. पण मग सगळे तक्ते बघा, चालू आणि माजी दोन्ही. शेवटच्या ओळी हलवलेल्या किंवा काढलेल्या असतील तर एकाच तक्त्यातला मोठा नंबर यंत्राच्या खऱ्या नंबरापेक्षा लहान निघतो. आणि जुना संगणक बंद पडताना एखादी ओळ वाटेत राहिली असेल, ही शक्यता धरून शंभरएक नंबर पुढे जाऊन बसवा.

एक नियम पाठच करून टाका: यंत्र पुढे गेलं तर काही नंबर वाया जातात, मागे राहिलं तर एक नंबर दोघांना जातो. पुढे जाणं परवडतं, मागे राहणं परवडत नाही.

जाणकारांनीही हाच नियम पाळलेला दिसतो. पीजीलॉजिकल नावाच्या जोडणीत ठरावीक वेळाने यंत्राची स्थिती पाठवण्याची सोय आहे, आणि ती मुद्दामच थोडा पुढचा आकडा पाठवते. पोस्टग्रेसच्या १९ व्या आवृत्तीसाठी २०२५ च्या अखेरीस खास सिक्वेन्स जुळवून घेण्याची आज्ञा तयार झाली. पण तीही आपण सांगू तेव्हाच आकडे आणते, ओळींसारखी सतत धावत नाही. म्हणजे बाजू बदलण्याआधी आठवण ठेवायची जबाबदारी आपलीच.

दोन्ही बाजूंनी नोंदी होत असतील तर?

एक प्रत बंद करून दुसरी सुरू करायची असेल तर वरच्या पायऱ्या पुरतात. पण दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी होत असतील तर कितीही जुळवलं तरी टक्कर होणारच. तिथे नंबरच आधी वाटून घ्यावे लागतात. हे आपल्या आसपास कितीतरी ठिकाणी केलेलं दिसतं.

गाड्यांचे नंबर बघा. सोलापूरच्या गाड्या एमएच-१३, अकलूजच्या एमएच-४५. पुढची अक्षरं आणि चार आकडे दोन्हीकडे सारखे आले तरी गाडी वेगळीच राहते. एका कार्यालयाला दुसऱ्याला फोन करून विचारावं लागत नाही.

रेल्वेचं आरक्षण घ्या. आपली आरक्षण व्यवस्था दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशा पाच केंद्रांतून चालते. तिकिटावरच्या दहा आकडी पीएनआरचे सुरुवातीचे आकडे तिकीट कोणत्या केंद्रातून निघालं ते सांगतात. त्यामुळे पाचही केंद्रं आपापले नंबर देतात आणि तरी टक्कर होत नाही.

डेटाबेसमध्ये हेच सम-विषम वाटणीनेही करतात. एका बाजूने १, ३, ५ द्यायचे, दुसरीने २, ४, ६. दोन-दोनने मोजायला सिक्वेन्सला सांगता येतं. सम-विषम शिकवताना हे उदाहरण मुलांना जरूर द्या.

आणि एक महत्त्वाचं: जनरल रजिस्टर नंबर सिक्वेन्सवर सोडू नका

हा मुद्दा मला सगळ्यात उशिरा कळला. सिक्वेन्स टक्कर टाळण्यासाठी बनवलेलं आहे, सलग मोजणीसाठी नाही. नोंद अर्धवट रद्द झाली तरी नंबर खर्च होतो. शिवाय पोस्टग्रेस वेगासाठी ३२ नंबर पुढचे लिहून ठेवतं, त्यामुळे वीज जाऊन संगणक अचानक बंद पडला की काही नंबर गळू शकतात. डेटाबेसच्या आतल्या ओळखीसाठी हे चालतं. पण आपल्या रजिस्टरमध्ये १९८७ नंतर १९८८ च हवा. मधे जागा सुटली की तपासणीला आलेले साहेब पहिला प्रश्न तोच विचारतात.

म्हणून आता माझी पद्धत अशी: संगणकाचा अंतर्गत नंबर वेगळा, तो कुणालाही छापून द्यायचा नाही. जनरल रजिस्टर नंबर आधी कागदी रजिस्टरवर शाईने पडतो, मग तो बघून संगणकात टाइप होतो. आणि तो नंबर चालू किंवा माजी कुठल्याही तक्त्यात आधी असेल तर प्रोग्रॅम नोंद घेतच नाही.

स्वतःला विचारून बघा

१. दोन्ही तक्ते अगदी सारखे असूनही पुढचा नंबर चुकू शकतो, तो का?
२. नाकारलेल्या नोंदीनंतर यंत्र मागे जातं की पुढे?
३. तुमच्या शाळेत, संस्थेत किंवा सोसायटीत पावतीपुस्तकं दोन ठिकाणी असतील तर नंबर कसे वाटले आहेत?
४. प्रत काढली आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ‘पुढे काय’ याची प्रत काढली आहे का?

शेवटी

त्या पाच मुलांचं काय झालं, ते सांगायला हवं. मुख्याध्यापक सरांना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणाले, “आधी मुलांचं बघू.” कागदी रजिस्टरवर पाचही मुलांना पुढचे योग्य नंबर दिले. तीन पालकांचे फोन लागले, त्यांना दुरुस्त बोनाफाईड पाठवलं. चौथं कुटुंब पुढच्या हंगामात परत आलं, तेव्हा हातात दिलं. पाचवं कुटुंब पुन्हा आमच्या भागात आलंच नाही. १८०३ नंबरावर जिचं नाव आलं होतं ती मुलगी त्याच कुटुंबातली. तिचं दुरुस्त बोनाफाईड त्या शाळेच्या फाइलला लावून मगच मी तिथून निघाले. ती कधी आली तर तिला तिचा नंबर मिळेल.

संगणक नवीन घ्या, प्रती काढा, जरूर काढा. फक्त बाजू बदलण्याआधी एकदा त्या शेजारच्या गठ्ठ्याकडेही बघा. वरची चिठ्ठी कितीची आहे?